वाचणारीचे चार शिल्पकार

शिल्पकारांच्या धंद्यात त्यांना सगळे 'हातवाले' म्हणत. कुणाचाही पुतळा अडला की तो हातांशी अडतो. नाक जरा इकडेतिकडे झालं तर लोक समजूत घालून घेतात, की माणूस तरुणपणी तसा दिसत असेल. पण बोटांत गडबड झाली की रस्त्याने जाणारा थांबतो आणि मोजायला लागतो. मग हातवाल्यांना निरोप यायचा आणि हातवाले छिन्न्या पिशवीत घालून निघायचे. शहरातल्या निम्म्या थोर माणसांचे हात त्यांनी घडवले होते. खाली नाव अर्थातच बाकीचा माणूस ज्याने घडवला त्याचं.

याला कलेच्या भाषेत 'सहयोग' म्हणतात. हातवाल्यांची तीस वर्षांची कारकीर्द या सहयोगात खर्ची पडली होती. एका नर्तिकेबरोबर त्यांनी रंगमंचावर प्रयोग केला. ती नाचणार आणि तिच्या हालचाली बघून हे तिथल्या तिथे मातीत आकार उठवणार. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नृत्याचं तोंड भरून कौतुक आलं, आणि शेवटी एक वाक्य होतं, की मागे एक गृहस्थ चिखल का करत होते ते कळलं नाही. पुढे एका कवीची कविता त्यांनी शिळेवर कोरली. कोरून झाल्यावर कवीने एक शब्द बदलला, कारण कविता ही म्हणे जिवंत गोष्ट असते. हातवाल्यांनी दगड तासून नवा शब्द घातला. आठवड्याने कवीला जुनाच बरा वाटू लागला. चौथ्या दुरुस्तीनंतर ती ओळ दगडात इतकी आत गेली, की वाचायला पोरं बॅटरी घेऊन येऊ लागली. नाव मात्र त्या शिळेवर कवीचंच होतं, आणि ते वरच्यावर, स्वच्छ उजेडात.

तेव्हा पंचावन्नावं सरता सरता हातवाल्यांनी मनाशी ठरवलं, की एक तरी काम असं करायचं ज्याच्या खाली एकच नाव असेल आणि ते आपलं. बाकी त्यांना काही नको होतं. सत्कार नको, हार नको. दगडाच्या पाटीवर एक नाव, बस्स.

संधी आली ती सार्वजनिक वाचनालयाकडून. अंगणात एक पुतळा बसवायचा होता: बाकावर बसून पुस्तक वाचणारी स्त्री, पुऱ्या मापाची, दगडात. हातवाल्यांनी चित्र काढलं, अर्ज भरला आणि कला विभागाच्या खिडकीत सरकवला. खिडकीपलीकडच्या कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला.

"सहकलाकाराचा रकाना रिकामा आहे."

"सहकलाकार नाहीये. मी एकटाच करणार आहे."

"योजनेचं नाव वाचलंत का? सहयोगी कला योजना. तुम्ही एकट्याने केलंत तर सहयोग कुणाशी?"

"दगडाशी," हातवाले म्हणाले. वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं.

"मग दगडाची सही आणा," कारकून म्हणाला. तो विनोद करत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

हातवाले तिथेच बाकावर बसून विचार करू लागले. खरा कलाकार घेतला तर तो नावासकट येणार. कलाकार नसलेलं, कामात हात न घालणारं आणि मागे नाव न मागणारं असं माणूस हवं होतं. त्यांनी रकान्यात बायकोचं नाव लिहून टाकलं. केवळ रकान्यापुरतं. इथून पुढे जे घडलं त्याला जबाबदार कोण, असं विचारलं तर हातवाले आजही त्या बाकाकडे बोट दाखवतात. बाक टणक होता, विचार नीट करता आला नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

त्यांच्या पत्नी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सगळी सोसायटी त्यांना 'बाई' म्हणायची. बाईंनी बातमी शांतपणे ऐकली. कप विसळता विसळता म्हणाल्या, "रकान्यापुरतं असेल तर ठीक आहे." प्रकरण मिटलं असतं. पण अर्ज मंजूर झाल्याच्या पत्रासोबत एक जाड वही आली. तिच्यावर छापलं होतं: 'सहकलाकार योगदान नोंदवही'. रोज काय योगदान केलं ते सहकलाकाराने लिहून खाली सही करायची, आणि वही दर सोमवारी खिडकीत दाखवायची.

"रोज एक सही कर, झालं," हातवाले म्हणाले.

"कशाखाली?"

"काहीतरी लिही. 'दगड पाहिला.' असलं काही."

"अहो, मी तीस वर्षं हजेरीपट मांडलाय," बाई म्हणाल्या. "वर्गात नसलेल्या मुलाला हजर लावलं नाही कधी, आणि आता मी स्वतःलाच लावू? न केलेल्या कामाखाली माझी सही होणार नाही."

"मग काय करायचं?"

"करायचं काय? मी काम करणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाशेजारी बाई हजर. काम चालायचं सोसायटीच्या तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेत. बाईंनी हातवाल्यांनी पाडलेला भुगा झाडून काढला आणि वहीत लिहिलं: 'भुगा झाडला.' सही केली. आठवडाभर भुगा झाडला, आठवडाभर सह्या केल्या. सोमवारी कारकुनाने लाल शाईत शेरा मारला: 'झाडणे हे कलात्मक योगदान नव्हे.' बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच लाल शेरा मिळाला होता. आजवर त्यांनी तो फक्त दिला होता.

मंगळवारपासून बाईंनी कलात्मक योगदान द्यायला सुरुवात केली.

"पुस्तक फार जवळ धरलंय हिने," त्या म्हणाल्या.

हातवाल्यांचा हातोडा हवेतच थांबला. गेल्या तीस वर्षांत त्यांच्या हातांबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. "ही रचना आहे," ते सौम्यपणे म्हणाले. "चेहरा, पुस्तक, हात, असा एक बंध तयार होतो."

"बंध होत असेल. पण या वयाच्या बाईला इतक्या जवळचं दिसत नाही. मला दिसत नाही."

आता वाद सोडवायचा तर तज्ज्ञ हवा, म्हणून बाईंनी रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्यांना बोलावून आणलं. चष्मेवाले फूटपट्टी घेऊन आले. दगडी डोळ्यापासून दगडी पुस्तकापर्यंतचं अंतर मोजलं, मान हलवली, आणि म्हणाले, "पेशंट आणायला उशीर केलात."

दगडाच्या कामाची एक अडचण आहे आणि ती इथे सांगून टाकली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मातीत भर घालता येते. दगडातून फक्त काढता येतं. पुस्तक चेहऱ्यापासून लांब न्यायचं म्हणजे पुस्तकाची चेहऱ्याकडची बाजू तासायची. हातवाल्यांच्या मनात एक भलाथोरला ग्रंथ होता, माणसाने वर्षभर वाचावा असा. चष्मेवाल्यांचं समाधान होईपर्यंत त्याची पातळ पुस्तिका झाली. संध्याकाळी बाईंनी वहीत लिहिलं: 'पुस्तक लांब असावे ही सूचना माझी. नेमके अंतर चष्मेवाल्यांनी सांगितले.' कुणाचं श्रेय दाबायचं नाही ही त्यांची शिस्त. सोमवारी कारकून खूश झाला. 'योगदानाची व्याप्ती वाढत आहे' असा शेरा आला, तोही निळ्या शाईत.

सोसायटीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? कोपऱ्यावरचे शिंपीकाका कुणालाही न विचारता आले. पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "खांदा कुणी बेतलाय?"

"मी," हातवाले म्हणाले.

"उतरलाय. आणि गुडघ्यावर ह्या चुण्या कसल्या? कापड असं पडत नाही. हे पत्र्यासारखं पडलंय."

हातवाल्यांनी रागाच्या भरात वाद घातला, मग रागाच्या भरात शिंपीकाकांचं कापड गुडघ्यावर पसरून पाहिलं, आणि मग आणखी रागाच्या भरात कबूल केलं की कापड तसं पडत नाही. चुण्या बदलल्या. त्यात वाचणारीचं वजन बरंच उतरलं. वहीत नोंद झाली. त्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि त्यांनी विचारलं, की ज्या जागेत हे सगळं चाललंय ती जागा कुणाची? जागा दिली नसती तर कला उभी कुठे राहिली असती? बाईंनी क्षणभर विचार केला आणि मुद्दा गणिताच्या दृष्टीने बरोबर असल्याचं मान्य केलं. 'जागा व प्रेरणा: सेक्रेटरी.' प्रेरणा हा शब्द सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून लिहवून घेतला.

हातवाले रोज जेवताना म्हणायचे, "अगं, हे माझं काम आहे. माझं एकट्याचं."

"तुमचंच आहे," बाई म्हणायच्या. "मी फक्त जे घडलं ते लिहिते."

आणि एक गोष्ट हातवाल्यांनी कुणाला सांगितली नव्हती. चेहरा त्यांना जमत नव्हता. हातांचा माणूस तो. चेहरे नेहमी दुसऱ्यांनी केलेले. पण रोज संध्याकाळी समोरच्या खुर्चीत बाई मान खाली घालून वहीत लिहीत बसायच्या. योग्य शब्द सापडेना की खालचा ओठ किंचित आत ओढायच्या. हातवाले ते पाहत राहायचे आणि छिन्नी आपोआप चालायची. एके दिवशी त्यांनी मागे सरकून पाहिलं, तर दगडात चेहरा आला होता. काम चांगलं झालं होतं. आजवर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा चांगलं झालं होतं, आणि हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की ते उगाचच चष्मेवाल्यांशी दोन शब्द गोड बोलले.

नव्वद दिवसांनी पुतळा वाचनालयाच्या अंगणात बसला. अनावरणाच्या दिवशी हातवाल्यांनी ठेवणीतला कोट घातला. तिसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली तरी त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. पुतळ्यावरचं कापड निघालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, ग्रंथपाल 'पुस्तक जरा लहानच आहे' असं पुटपुटले. मग पाटीवरचं कापड निघालं आणि प्रमुख पाहुण्यांनी नावं मोठ्याने वाचली.

शिल्पकार म्हणून चार नावं होती. पहिलं बाईंचं. दुसरं चष्मेवाल्यांचं. तिसरं शिंपीकाकांचं. चौथं सेक्रेटरींचं.

हातवाले पाचव्या नावाची वाट पाहत अर्धवट उठून उभे होते. पाहुणे खाली बसले. हातवाले तसेच अवघडून उभे राहिले, आणि मागचे गृहस्थ म्हणाले, "अहो, खाली बसा, दिसत नाहीये."

चष्मेवाल्यांनी भाषण केलं. कलेचं बीज आपल्यात लहानपणापासूनच होतं असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाई व्यासपीठावर गेल्याच नाहीत. त्या पाटीकडे पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं खिडकीशी.

"पाटीवर सहकलाकारांची नावं जातात," कारकुनाने समजावलं. "तुम्ही सहकलाकार नाही. तुम्ही अर्जदार."

"पण पुतळा मी केला!"

"असेल. पण नोंद कुठे आहे?" कारकुनाने वही उघडली. नव्वद दिवसांच्या नव्वद नोंदी, बाईंच्या सुरेख अक्षरात. कुणी काय सुचवलं, कुणी काय मोजलं, कुणी काय पाहिलं. हातवाल्यांनी दगड फोडला, असं एकाही पानावर नव्हतं. ते कशाला लिहायचं? ते तर समोर उभंच होतं. "दुरुस्तीसाठी अर्ज करता येईल," कारकून म्हणाला. "चारही शिल्पकारांची लेखी संमती लागेल."

सेक्रेटरींनी सभेपुढे विषय मांडू असं सांगितलं. चष्मेवाले म्हणाले, आनंदाने, पण पाटीचा तोल बिघडणार नाही ना? शिंपीकाका लगेच तयार झाले, फक्त नवं नाव त्यांच्या खाली असावं एवढीच त्यांची अट होती. हातवाल्यांनी संमती मागायचं बंद केलं. ते घरात बसून राहू लागले. दोन ठिकाणांहून हातांसाठी निरोप आले, त्यांनी 'बरं नाही' म्हणून कळवलं. आणि खरंच त्यांना बरं वाटत नव्हतं. इतरांनी नाव खाल्लं तेव्हा ते घरी येऊन बाईंजवळ बोलायचे. आता ते कुणाजवळ बोलणार?

चौथ्या दिवशी बाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"नव्वद दिवस खरं लिहिलं," त्या म्हणाल्या, "आणि उत्तर चुकलं. असं माझं कधी झालं नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तुमची बारीक छिन्नी कुठे असते?"

वाचनालयाला सुट्टी होती त्या दुपारी दोघं अंगणात शिरले. हातवाल्यांनी पाटीवर जागा शोधली, खडूने आपलं नाव आखलं, आणि मग छिन्नी खाली ठेवली.

"मी कोरणार नाही."

"आता काय झालं?"

"पुतळ्यावर स्वतःचं नाव स्वतः कोरतात ती सहलीला आलेली माणसं. मी शिल्पकार आहे. माझी काही प्रतिष्ठा आहे की नाही?"

"द्या इकडे," बाई म्हणाल्या.

पहिला घाव बाईंच्या अंगठ्यावर बसला. दुसराही. तेव्हा हातवाल्यांनी नाइलाजाने छिन्नी धरली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. छिन्नी नुसती धरली म्हणजे कोरलं असं होत नाही, असा त्यांनी स्वतःपुरता निकाल दिला. दोन अक्षरं झाली, आणि मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

वाचनालयाचा पहारेकरी उभा होता.

"नाव कोरतोय," बाईंनी सांगितलं.

पहारेकऱ्याला धक्काच बसला. लोक निदान तो चहाला गेल्यावर तरी कोरायचे. त्याने खिशातून डायरी काढली. "कोणी कोरलं?"

"मी. एकटीने," बाई म्हणाल्या, आणि हातवाल्यांच्या कानाशी कुजबुजल्या, "गप्प बसा. तुमचं नाव यात आलं तर पुन्हा कुणी काम देणार नाही."

पहारेकरी लिहू लागला. हातवाले पाहत राहिले. त्यांच्याच पुतळ्याखाली, त्यांचंच नाव, त्यांच्याच छिन्नीने, आणि इथेसुद्धा ते नाहीतच!

"थांबा!" ते ओरडले. "एकटीने काय? छिन्नी कुणी धरली होती? अक्षरं कुणी आखली? लिहा, मी पण आहे यात!"

"तुम्ही कोण?"

"मी सहकलाकार," हातवाले म्हणाले. आणि काय बोलून गेलो हे कळल्यावरही त्यांनी शब्द मागे घेतला नाही. उलट पुन्हा ठासून सांगितलं, "हिच्याबरोबर होतो. पहिल्यापासून."

पहारेकऱ्याने तेही लिहिलं. "नाव कुणाचं कोरत होतात?"

"यांचं," बाई म्हणाल्या.

"का? पुतळ्याशी यांचा काय संबंध?"

"पुतळा यांनी केलाय."

"कुणाकुणाबरोबर?"

बाई थांबल्या. योग्य शब्द शोधताना त्यांनी खालचा ओठ आत ओढला. "सांगितलं आम्ही सगळ्यांनी," त्या सावकाश म्हणाल्या. "मी सांगितलं, चष्मेवाल्यांनी सांगितलं, सगळ्यांनी सांगितलं. केलं यांनी. एकट्याने. असं लिहा, मी सही करते."

तीस वर्षं जे ऐकायला हातवाल्यांचे कान आसुसले होते ते असं भर दुपारी, एका पहारेकऱ्यासमोर, गुन्ह्याच्या नोंदीत त्यांच्या पदरात पडलं. आणि त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"एकट्याने नाही," ते म्हणाले. "चेहरा हिचा आहे. जरा नीट बघा तिकडे."

पहारेकऱ्याने पुतळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा पुतळ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. नव्वद दिवस त्यांनी पुस्तकाचं अंतर पाहिलं होतं, खांदा पाहिला होता, चुण्या पाहिल्या होत्या. चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. मग त्यांनी हातातला हातोडा दुसऱ्या हातात घेतला, आणि मोकळ्या हाताने पदर डोळ्यांना लावला.

"एक काय ते ठरवा," पहारेकरी वैतागून म्हणाला. "शाईचं आहे, खोडता येत नाही." दोघंही काही ठरवेनात, तेव्हा त्याने आपल्या मनाने लिहिलं: 'पुतळा एकट्याने केला. नाव दोघांनी कोरले.' दोघांच्या सह्या घेतल्या. डायरी खिशात घातली, जायला निघाला, आणि पाटीकडे पाहून परत फिरला.

"दोनच अक्षरं झालीत. असं अर्धवट वाईट दिसतं. पुरं करा आणि मग जा."

तो बाजूला बाकावर बसला. बाईंनी हातोडा उचलला. हातवाल्यांनी छिन्नी धरली, आणि या वेळी तोंड वळवलं नाही. तिसरं अक्षर जरासं वाकडं गेलं.

"वाकडं गेलं का हो?" बाईंनी विचारलं.

"नाही," हातवाले म्हणाले. "पुढचं घे."